आयनांचा प्रश्न आणि बंगळूरचे एक संचालक

शाळेच्या प्रयोगशाळेतील एक प्रयोग आपणांपैकी बहुतेकांना आठवत असेल. चंचुपात्रात विरल हायड्रोक्लोरिक आम्ल, त्यात कार्बनच्या दोन कांड्या, विजेरी आणि एक लहानसा दिवा. दिवा प्रखर पेटतो. आम्लाच्या जागी व्हिनेगर घेतले तर जेमतेम मिणमिणतो. साखरेच्या पाण्यात पेटतच नाही. काही वर्षांपूर्वी दहावीच्या तासाला एका विद्यार्थिनीने विचारले, "बाई, आयन वीज सोडल्यावर सुटतात, की आधीच सुटलेले असतात?" मी सहज म्हणून गेले, "वीज सोडली की सुटतात."

उत्तर चुकीचे होते. मात्र त्या चुकीला मोठी परंपरा होती. 1834 मध्ये 'आयन' हा शब्द रूढ करणाऱ्या मायकेल फॅरेडे यांचीही समजूत हीच होती. (ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थ 'जाणारा'. आपल्या 'उत्तरायणा'तील 'अयन' त्याच कुळातले!) स्वांते ऱ्हेनियस या स्वीडिश तरुणाने 1884 मध्ये उप्साला विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधाला परीक्षकांनी खालची श्रेणी दिली. पुढे 1887 मध्ये त्यांनी स्पष्टच मांडले, की आम्ल पाण्यात विरघळताच हायड्रोजन आयन आणि आम्लारी विरघळताच हायड्रॉक्साइड आयन मोकळे होतात, विजेची वाट न पाहता. याच सिद्धांतासाठी 1903 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आपली पाठ्यपुस्तके साधारण येथेच थांबतात. वाद मात्र थांबला नव्हता. द्रावण जसजसे विरल करावे तसतसे अधिक रेणू तुटतात, हे ऱ्हेनियस यांचे म्हणणे. त्यावरून ओस्टवाल्ड यांनी बांधलेले गणित व्हिनेगरमधील ॲसेटिक आम्लाला चपखल लागू पडे. हायड्रोक्लोरिक आम्ल, कॉस्टिक सोडा, साधे मीठ यांच्याबाबतीत ते साफ कोसळे. ज्या पदार्थांनी दिवा सर्वांत प्रखर पेटतो, त्यांचेच कोडे सुटत नव्हते.

या कोड्याला 1918 मध्ये हात घातला तो कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी. प्रफुल्लचंद्र राय यांचे ते शिष्य, मेघनाद साहा व सत्येंद्रनाथ बोस यांचे सहाध्यायी. वय अवघे 23. लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी प्रतिपादन केले, की मिठासारखे पदार्थ पाण्यात पूर्णपणे आयनरूपच असतात. रेणू तुटायचे शिल्लक नसतातच. वाहकता कमी भासते ती विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना ओढून धरतात म्हणून. ज्यांच्या अंगी ती ओढ तोडण्याइतकी ऊर्जा असते, तेच वीज वाहून नेतात. त्याच वर्षी त्यांनी हा विचार आम्ल व आम्लारींच्या वाहकतेलाही लावून पाहिला.

घोष यांचे गणित टिकले नाही. स्फटिकात असतात तसे द्रावणातही आयन ठरावीक मांडणीत असतात, हे त्यांचे गृहीतक 1923 मध्ये डिबाय आणि ह्युकेल यांनी बाजूस सारले. त्यांच्या मते प्रत्येक आयनाभोवती विरुद्ध प्रभाराचे एक चंचल वलय असते. परंतु तीव्र पदार्थ पूर्णपणे आयनरूप असतात आणि अडथळा त्यांच्यातील विद्युत ओढीचा असतो, हा घोष यांचा मूळ विचार कायम राहिला. माझ्या मते हे श्रेय लहान नाही. तरीही आपल्या मुलांना त्यांचे नाव ठाऊक नसते, हे मला खटकते.

आणि हे घोष आपल्यापासून दूरचे नव्हेत. 1939 मध्ये ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले. त्यांच्याच कारकिर्दीत, 1942 मध्ये, तेथे विमानविद्येचा विभाग सुरू झाला. तेथे शिकवणारे डॉ. विष्णू माधव घाटगे हे कोल्हापूरकडचे. आणि मारतहळ्ळीच्या शेजारचा, आपल्या कित्येक पालकांना भाकरी देणारा विमान कारखाना 1940 मध्ये काढला तो सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी.

त्या विद्यार्थिनीला मी दुसऱ्याच दिवशी वर्गासमोर खरे उत्तर सांगितले. तेव्हापासून तारा जोडण्यापूर्वी मी क्षणभर थांबते. दिवा विझलेलाच असतो. पात्राकडे बोट दाखवून मुलांना विचारते, "आत्ता, या क्षणी, आयन कोठे आहेत?"