खेळण्यातली बंदूक शेताची राखण करू शकते का? घरगुती ‘सेंट्री टरेट’ नेमकं कसं चालतं?

हिंगोली जिल्ह्यात सोयाबीन, तूर, हरभरा शेतात उभा असला की अनेक शेतकऱ्यांच्या रात्री जागलीत जातात. अंधारात रोही (नीलगाय), रानडुकरं आणि हरणांचे कळप पिकात घुसतात, दिवसा वानरं येतात. कुणी बुजगावणं उभं करतं, कुणी फटाके फोडतं, तर कुणी भोंग्यावर रेकॉर्ड केलेला आवाज रात्रभर लावून ठेवतं.

दुसरीकडे मोबाईलवर वेगळेच व्हिडिओ दिसतात. कॅमेऱ्याला जोडलेली खेळण्यातली बंदूक समोर कुणी आलं की आपोआप वळते आणि फोमची गोळी मारते. असं यंत्र घरी बनवता येतं का? आणि ते शेतात उपयोगी पडेल का?

सेंट्री टरेट म्हणजे काय?

सेंट्री म्हणजे पहारेकरी आणि टरेट म्हणजे रणगाड्यावर असतो तसा गोल फिरणारा भाग. माणूस न बसता पहारा देणारी बंदूक, असा याचा साधा अर्थ. दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाच्या सीमेसाठी ‘एसजीआर-ए1’ नावाची अशी खरी यंत्रणा 2006 च्या सुमारास तयार केली. हौशी मंडळी तीच कल्पना नर्फसारख्या फोमच्या गोळ्या मारणाऱ्या खेळण्यावर वापरतात.

यात काय काय लागतं?

- डोळा: वेबकॅम किंवा ईएसपी32-कॅमसारखा छोटा कॅमेरा.
- मेंदू: लॅपटॉप किंवा रास्पबेरी पाय. मोटर चालवायला आर्डुइनो बोर्ड.
- मान: दोन सर्वो मोटर. एक डावी-उजवीकडे, दुसरी वर-खाली फिरवते.
- बोट: खेळण्याचा ट्रिगर ओढणारी तिसरी मोटर. बॅटरीवर चालणारं खेळणं असेल तर रिले.

नेम कसा धरला जातो?

कॅमेरा आधी रिकाम्या जागेचं चित्र लक्षात ठेवतो. नंतरच्या प्रत्येक चित्राची त्याच्याशी तुलना होते. जिथे फरक दिसतो, तिथे काहीतरी हललंय असं प्रोग्राम मानतो. हे काम ‘ओपनसीव्ही’ या मोफत सॉफ्टवेअरने करता येतं.

हललेला ठिपका चित्राच्या मध्यापासून किती दूर आहे, यावरून मोटर किती अंश वळवायची हे ठरतं. सर्वो मोटरला सेकंदाला साधारण 50 वेळा विजेचा छोटा इशारा जातो. त्या इशाऱ्याची लांबी बदलली की मोटरचा कोन बदलतो. मोटरला वीज आर्डुइनोमधून न देता वेगळ्या बॅटरीतून द्यावी लागते, नाहीतर बोर्ड मध्येच बंद पडतो.

मग शेतात का चालणार नाही?

पहिलं कारण अंतराचं. फोमची गोळी जेमतेम 15-20 मीटर जाते. एक एकराचं चौकोनी शेत घेतलं तरी त्याची एक बाजू साधारण 64 मीटर भरते. दुसरं कारण वजनाचं. गोळी एक ग्रॅमच्या आसपास, तर वयात आलेला नर रोही दोनशे किलोचा असू शकतो.

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. हललेलं काय आहे हे या साध्या यंत्राला कळत नाही. वाऱ्याने डोलणारी तूर, रानडुक्कर आणि पाणी द्यायला आलेला माणूस त्याच्यासाठी सारखेच. म्हणूनच फोमऐवजी छर्रे किंवा खडे मारणारं काही बसवणं धोक्याचं आहे. फोमची गोळीसुद्धा जवळून डोळ्यावर बसली तर इजा होऊ शकते. घरी प्रयोग करताना चष्मा आणि हाताशी बंद करायचं बटण हवंच.

पिकं राखण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बाईड गनचं उदाहरण ताजं आहे. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात ही गन फटाक्यासारखी उडवताना शंभराहून अधिक जणांच्या डोळ्यांना इजा झाली. त्यात लहान मुलांचं प्रमाण मोठं होतं.

उपयोगी भाग कोणता?

बंदूक काढा, डोळा ठेवा. कॅमेरा किंवा हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर भोंग्याला आणि झगझगीत दिव्याला जोडला, तर जनावर आल्यावरच आवाज होतो. रात्रभर एकसारखा वाजणारा भोंगा जनावरांच्या सवयीचा होतो. अचानक आणि दर वेळी वेगळा आवाज आला तर ती बिचकण्याची शक्यता जास्त.

याच्याही मर्यादा आहेत. साधा पीआयआर सेन्सर पाच-सात मीटरपर्यंतच नीट काम करतो. तो अंगाची उष्णता ओळखत असल्यामुळे मराठवाड्याच्या कडक उन्हात चुकतो. रात्री कॅमेऱ्याला इन्फ्रारेड दिवा लागतो. त्यामुळे अख्ख्या शेताऐवजी जनावरं येण्याची वाट धरून यंत्र लावणं जास्त फायद्याचं.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार रोही आणि रानडुक्कर संरक्षित आहेत. परवानगीशिवाय त्यांना मारणं, सापळ्यात पकडणं किंवा जखमी करणं शिकारीत मोडतं. खेळण्यातल्या बंदुकीत बदल करून खरी बंदूक बनवायला शस्त्र कायद्यानुसार परवाना लागतो. कुंपणात थेट वीज सोडणं बेकायदा आहे आणि त्यात माणसंही दगावतात. सौर कुंपण वेगळं: त्यात क्षणभराचे झटके असतात, जनावर मरत नाही.

नुकसान झालंच तर वन विभागाकडे भरपाईचा अर्ज करता येतो. शिवाय खरीप 2026 पासून वन्यप्राण्यांमुळे होणारं नुकसान पीक विम्यात घेण्याची घोषणा केंद्राने नोव्हेंबर 2025 मध्ये केली. राज्याने अधिसूचित केलेले प्राणी आणि भाग यांना ते लागू असेल. नुकसानीची माहिती 72 तासांत ॲपवर फोटोसह द्यायची आहे. रात्री शेतात कोणतं जनावर येऊन गेलं, हे बांधावरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं असेल तर तेही जपून ठेवावं.