नभोवाणीचे संगीतभांडार : तबकडीपासून अंकीय संग्रहापर्यंत

सन १९०२ हे वर्ष ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात दोन घटनांसाठी ध्यानात ठेवावे असे आहे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गेसबर्ग आणि त्यांचे बंधू विल रोमला गेले आणि व्हॅटिकनमधील सिस्टाइन गायकवृंदाचे गायन त्यांनी मेणाच्या तबकड्यांवर उतरवून घेतले. त्याच फ्रेड गेसबर्गनी नोव्हेंबरमध्ये कलकत्त्यात गोहरजान यांचे गाणे मुद्रित केले. एकीकडे अलेस्सांद्रो मोरेस्की हे लोप पावत चाललेल्या एका गायनपरंपरेचे अखेरचे प्रतिनिधी, तर दुसरीकडे हिंदुस्थानी संगीताला तबकडीवर आणणारी पहिली ख्यातनाम गायिका. एकाच यंत्राने एका वर्षात या दोहोंना काळाच्या हातून सोडवले.

गोहरजान प्रत्येक गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव इंग्रजीत उच्चारीत. पुष्कळांना ही हौस किंवा ऐट वाटते. परंतु तिच्यामागे व्यवहार होता. मेणाच्या मूळ तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथील कारागिरांना हिंदुस्थानी गाणे कोणाचे हे कळण्यास मार्ग नसे. म्हणून गायकानेच आपले नाव तबकडीत बोलून ठेवायचे. संगीताच्या ग्रंथालयातील पहिली नोंद ही अशी गायकाच्याच मुखातून झाली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. या गोष्टीकडे आम्ही लेखाच्या अखेरीस पुन्हा वळणार आहोत.

पुढे नभोवाणी आली. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईला इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. १२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी यांनी उभारलेल्या व्हॅटिकन नभोवाणीवरून पोप पायस अकरावे यांनी लॅटिन भाषेत जगाला उद्देशून पहिला संदेश दिला. केंद्र म्हटले की गाणी लागणारच, आणि गाणी म्हटली की त्यांचा संग्रह लागणारच. त्या काळच्या तबकड्या शेलॅकच्या, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या असत आणि ती लाख मुख्यत्वे आपल्याच देशातून जाई. तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे चाले. ती जड होती, हातातून पडली की फुटे. पण नीट सांभाळली तर शंभर वर्षांनंतरही ती बोलते, हा तिचा मोठेपणा.

संग्रहाचे बळ किती असते, हे १९५२ नंतर आपल्या श्रोत्यांनी अनुभवले. नभोवाणी खात्याचे मंत्री डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना शास्त्रीय संगीताची मोठी आस्था होती, आणि त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी मग रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला. सिलोनपाशी हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांचे भांडार होते आणि अमीन सयानी यांचा आवाज होता. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारतीचा जन्म झाला. ज्याच्याजवळ संग्रह, त्याच्याजवळ श्रोता, हा धडा त्यातून मिळाला.

तबकडीमागोमाग चुंबकीय फीत आली. १९३५ साली जर्मनीत तिचे यंत्र प्रथम लोकांपुढे मांडले गेले. फितीमुळे तीन मिनिटांचे बंधन सुटले आणि केंद्राला स्वतःचे कार्यक्रम साठवता येऊ लागले. पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून प्रसारित झालेले गीतरामायण हे याचे आपल्या घरचे उदाहरण होय. ग. दि. माडगूळकरांचे शब्द, सुधीर फडके यांचे संगीत, सीताकांत लाड यांची प्रेरणा, आणि आठवड्याला एक याप्रमाणे छप्पन्न गीते. तबकड्यांवर पुढे ती सर्व फडके यांच्याच आवाजात आली. मूळ प्रसारणात मात्र निरनिराळ्या पात्रांची गीते निरनिराळ्या गायकांनी गायिली होती. तो पहिला अवतार बाजारातील तबकडीत मिळत नाही. तो जगायचा तर केंद्राच्या फितीवरच.

आणि फितीचा स्वभाव मात्र विश्वासू नव्हे. ती महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येई. जगातल्या अनेक केंद्रांनी काटकसरीपोटी जुने कार्यक्रम पुसून नवे भरले. जे पुसले गेले नाही त्याला हवामानाने गाठले. ॲसिटेटच्या फितींना आंबट वास सुटून त्या आक्रसतात, तर सत्तर-ऐंशीच्या दशकांतील कित्येक फितींवरचा लेप दमटपणाने चिकट होतो आणि यंत्रात घातल्यावर सुटून येतो. आमच्या किनारपट्टीचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचे अधिक स्पष्टीकरण नको.

ध्वनीचे अंकांत रूपांतर करणारी पद्धत या संकटावरचा उपाय म्हणून पुढे आली. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले जातात आणि प्रत्येक नमुना सोळा बिटांत लिहिला जातो. दोन्ही बाजूंचा हिशेब केला तर एका तासाला सुमारे ६३५ मेगाबाइट जागा लागते. त्या काळच्या संगणकांना हे ओझे पेलणारे नव्हते. म्हणून कानाला सहसा कळणार नाही असा भाग गाळून टाकणारी एमपी३ पद्धत जर्मनीत विकसित झाली. कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग या संशोधकाने तिची कसोटी पाहण्यासाठी सुझान व्हेगा या गायिकेचे वाद्यांविना गायिलेले एक गीत निवडले होते. सुरुवातीच्या प्रयोगांत तिचा आवाज विद्रूप होऊन बाहेर पडला. वाद्यांच्या गजरात दोष लपतात. एकटा मानवी कंठ मात्र काही लपू देत नाही. ज्या ख्रिस्तसभेने शतकानुशतके वाद्यांविना ग्रेगोरियन गायन जपले, तिच्या लेकरांनी ही गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी.

येथेच अनेक केंद्रांची चूक झाली. एमपी३च्या नेहमीच्या दराने संग्रह उतरवला की जागा अकरा पटींनी वाचते, आणि एफ. एम.वर तरी पंधरा किलोहर्ट्झच्या वरचे काही जात नाही, मग उत्तम प्रत हवी कशाला, असा युक्तिवाद होई. तो वरवर पटण्यासारखा आहे. परंतु प्रसारणाच्या वाटेवर ध्वनी पुन्हा पुन्हा दाबला जातो. कार्यक्रम जोडताना एकदा, प्रक्षेपकाकडे पाठवताना एकदा आणि इंटरनेटवर सोडताना आणखी एकदा. आधीच गाळलेल्यातून पुन्हा गाळले की दोष साचत जातात. शिवाय गाळलेले परत आणता येत नाही. अशी प्रत करून मूळ फीत रद्दीत टाकणे म्हणजे पुस्तकाचा सारांश लिहून पुस्तक जाळण्यासारखे आहे.

म्हणून जाणकारांनी नियम घातले. ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी सेकंदाला ९६,००० नमुने आणि चोवीस बिट ही पातळी सुचवली. नेहमीच्या वापरासाठी २००१ साली आलेली फ्लॅक ही पद्धत काहीही न गाळता जागा साधारण निम्म्यावर आणते. दहा हजार गीतांचा संग्रह, प्रत्येकी चार मिनिटे धरली, तर सीडीच्या प्रतीनेही अर्ध्या टेराबाइटच्या आत बसतो. आज एवढी जागा तळहातावर मावते. काटकसरीची सबब आता उरली नाही.

मात्र यंत्र विकत घेतले म्हणजे काम झाले असे नव्हे. जुन्या ७८च्या तबकडीला एल. पी.ची बारीक सुई लावली तर ती खाचेच्या तळाशी घासते आणि खरखरच तेवढी टिपते. लाखेची तबकडी स्पिरिटने पुसली तर तबकडीच विरघळते. सुरुवातीच्या तबकड्या नेमक्या ७८च्या वेगाने फिरतच असे नाही, आणि वेग चुकला की गायकाची पट्टीही चुकते. हे सारे जाणणारा माणूस हवा. त्याला घाई नसावी, आणि संग्रहाला त्याचे मोल कळावे.

आणि शेवटी नाव हवे. गायक कोण, कवी कोण, कोठे व केव्हा मुद्रण झाले, ही नोंद नसलेले गीत दहा हजारांच्या गर्दीत हरवल्यासारखेच असते. युरोपच्या नभोवाणी संघाने १९९७ साली अशी पद्धत ठरवली की ही माहिती ध्वनीच्या फाइलीतच लिहिली जावी, म्हणजे वेष्टन हरवले तरी ओळख हरवत नाही. गोहरजान १९०२ मध्ये हेच करीत होत्या!

हे सर्व आम्ही का लिहितो आहोत? ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा जाहीरनामा संमत केला. लोकभाषांना उपासनेत स्थान मिळाले, आणि पवित्र संगीताचा ठेवा काळजीपूर्वक जपण्याचा आदेशही त्याच जाहीरनाम्यात आहे. त्यानंतर आपल्या धर्मग्रामांत मराठी भक्तिगीतांना बहर आला. कित्येक गीते कॅसेटवर निघाली. आपल्या वाड्यांवरील लग्नगीते तर कॅसेटवरही न येता आजीकडून नातीकडे आली. त्या कॅसेट आज कपाटांत बुरशी खात आहेत, आणि त्या आज्या एकेक करून आपला निरोप घेत आहेत.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६, १६४९ आणि १६५४ असे तीनदा छापले गेले, पण त्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो भाविकांनी हातांनी उतरवून ठेवलेल्या पोथ्यांमुळे. एका प्रतीच्या अनेक प्रती झाल्या, निरनिराळ्या घरांत राहिल्या, म्हणून तो आपल्यापर्यंत आला. अंकीय संग्रहाचाही पहिला नियम हाच आहे : एक प्रत म्हणजे एकही प्रत नव्हे. त्या अनामिक लेखनिकांपाशी साधने तुटपुंजी होती, तरी ग्रंथ त्यांनी हातांनी उतरवून ठेवला. आमच्यापाशी आज साधने मुबलक आहेत. एखाद्या संध्याकाळी शेजारच्या आजीसमोर यंत्र ठेवावे, पूर्ण प्रतीने मुद्रण करावे, आणि गाणे संपल्यावर तिला म्हणावे, "आजी, आता तुमचं नाव सांगा."