रिकाम्या जागेचा इतिहास

केंब्रिज विद्यापीठाने 1913 साली परदेशी विद्यार्थ्यांसाठी इंग्रजी प्रावीण्याची परीक्षा प्रथम घेतली, तेव्हा तिला तीन उमेदवार बसले. तिघेही नापास झाले. फी तीन पौंड आणि परीक्षा एकंदर बारा तासांची. भाषांतर, निबंध, साहित्य, उच्चारशास्त्र, शिवाय श्रुतलेखन, वाचन आणि संभाषण. परदेशातील शाळांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्यांना भाषाज्ञानाचा दाखला मिळावा, हा तिचा हेतू. निबंधाच्या विषयांत शेक्सपिअरकालीन सफरींच्या शेजारी ‘इंडियन म्युटिनी’ होती. आपल्याकडे सावरकरांच्या ज्या ग्रंथावर तेव्हा सरकारी बंदी होती त्याचा विषय हाच, पण तिथे तो दोन तासांत उरकायच्या निबंधापुरता होता.

व्याकरणाला मात्र स्वतंत्र प्रश्नपत्रिका नव्हती. फ्रेंच किंवा जर्मनमधून इंग्रजीत भाषांतर करायचे त्याच अडीच तासांत व्याकरणाचे प्रश्नही सोडवायचे. क्रियापदांची भूतकाळी रूपे देऊन त्यांचे वर्ग पाडायचे; ‘कमेन्स’, ‘कॉमेंट’, ‘कमेंड’ असे कानाला सारखे वाटणारे शब्द अर्थ स्पष्ट होईल अशा बेताने वाक्यांत घालायचे. या सगळ्यात सर्वांत लक्षवेधी प्रश्न वाक्ये सुधारण्याचा होता. काही संशयास्पद वाक्ये देऊन ती दुरुस्त करा ‘किंवा त्यांचे समर्थन करा’, आणि कारणे द्या, असे सांगितले होते. म्हणजे पंडितांनी चूक ठरवलेले वाक्य बरोबर आहे, असा वाद घालण्याची मुभा परीक्षार्थीला होती. अशा प्रश्नाची तयारी पाठांतराने होत नाही. पण हेही खरे की कारणे उत्तम सांगणाऱ्याला दुकानात जाऊन चार वस्तू मागता येतीलच, याची खात्री त्या प्रश्नातून मिळत नव्हती.

पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झाले आणि 1920 च्या दशकाअखेरपर्यंत उमेदवारांची संख्या पंधराच्या आसपासच रेंगाळली. परीक्षा बंद करण्याचाही विचार झाला. ती तगली याचे श्रेय बरेचसे जॅक रोच या केंब्रिजच्या अधिकाऱ्याला जाते. 1932 मध्ये उच्चारशास्त्राची प्रश्नपत्रिका गळाली, तिचा कडक विद्वत्तेचा तोंडवळा थोडा सौम्य झाला, आणि परीक्षार्थी वाढू लागले.

दरम्यान व्याकरण व शब्दसंग्रह यांच्याकडे पाहण्याची नवी दृष्टी घडत होती ती केंब्रिजपासून फार दूर, टोकियोत. हॅरल्ड पामर 1922 मध्ये जपानला गेले होते. इंग्रजीत शब्द एकेकटे राहत नाहीत, ठरलेल्या सोबत्यांबरोबर राहतात, हे त्यांनी पद्धतशीरपणे मांडले आणि अशा जोड्यांवरचा अहवाल 1933 मध्ये काढला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी दोन सहकाऱ्यांसह शिकाऊंसाठी कोश रचला. तो 1942 मध्ये, युद्ध पेटलेले असताना टोकियोतच छापला गेला; पुढे ऑक्सफर्डने तो 1948 मध्ये काढला. आपल्या घरोघरच्या हॉर्नबीचे मूळ हे. क्रियापदापुढे कोणती रचना येते, नाम मोजता येते की नाही, हे त्यात शब्दाशेजारीच नोंदवले होते. व्याकरण आणि शब्दकोश यांमधली भिंत त्या पुस्तकाने पाडली, असे माझे मत आहे.

दुसरा धागा अमेरिकेतला. विल्सन टेलर यांनी 1953 मध्ये मजकूर किती सुबोध आहे हे मोजण्यासाठी ठरावीक अंतरावरचे शब्द गाळून वाचकाला ते भरायला लावले. हे वृत्तपत्रविद्येतले साधन पाहता पाहता भाषापरीक्षेत शिरले. केंब्रिजच्या परीक्षेत 1975 पासून ‘यूज ऑफ इंग्लिश’ ही प्रश्नपत्रिका सक्तीची झाली आणि भाषांतर ऐच्छिक ठरले. प्रावीण्याच्या एक पायरी खालची ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ परीक्षा 1991 मध्ये आली. 2015 पासून तिच्यात वाचन आणि हा भाग मिळून दीड तासाची एकच प्रश्नपत्रिका आहे. पर्याय निवडा, जागा भरा, मूळ शब्दाचे योग्य रूप करा, वाक्य फिरवून लिहा. कारण कुठेच विचारत नाहीत.

वाक्य फिरवणे हे आपल्याला परके नाही. पी. सी. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात होते (‘बो जेस्ट’ कादंबरीचे लेखक तेच). त्यांच्या आणि मार्टिनच्या व्याकरणाने ‘टू’ काढा, ‘नो सूनर’ घाला, असले व्यायाम पिढ्यान्‌पिढ्या करून घेतले, आणि बोर्डाच्या ‘डू अ‍ॅज डायरेक्टेड’मध्ये ते अजून जिवंत आहेत. त्या व्यायामावर तरबेज झालेला मुलगा अ‍ॅडव्हान्स्डच्या तयारीला बसतो, तेव्हा त्याला प्रश्न ओळखीचा वाटतो. तिथेच फसगत होते. बोर्डाच्या प्रश्नात सूचना नियमाकडे बोट दाखवते, साचा ठरलेला असतो. केंब्रिजच्या प्रश्नात नुसता एक शब्द दिलेला असतो, तो न बदलता तीन ते सहा शब्दांत रिकामी जागा भरायची, आणि त्या शब्दाचे सोबती परीक्षार्थीनेच आठवायचे. म्हणून शब्द आणि त्याचा मराठी अर्थ अशा दोन रकान्यांच्या वहीचा इथे फारसा उपयोग नाही. आधीचे अव्यय, नंतरची क्रियापदाची घडण, एखादे पूर्ण वाक्य, हे सारे शब्दाबरोबर उतरवून घ्यावे लागते. पामरने टोकियोत केले ते काम घरच्या घरी, छोट्या प्रमाणावर.

समजा, ‘आय वॉज अबाउट टू लीव्ह’ हे वाक्य आहे आणि दिलेला शब्द ‘पॉइंट’. उत्तर ‘ऑन द पॉइंट ऑफ लीव्हिंग’. याला दोन गुण, आणि ते अर्ध्या-अर्ध्या भागांत दिले जातात. ‘ऑफ’नंतर ‘-इंग’ येते हा नियम ज्याला पाठ आहे पण ‘ऑन द पॉइंट’ कधी कानावर पडलेले नाही, त्याच्या हातून दुसरा भाग सुद्धा सुटतो, कारण ‘ऑफ’पर्यंत तो पोहोचतच नाही.