सुईचे मोल

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावरून वडिलांच्या तबकड्या निघतात आणि आमच्या रत्नागिरीत मला कोणी ना कोणी विचारतोच, "मास्तर, या ऐकायला स्वस्तातले कोणते यंत्र घ्यावे?" मी आधी इतिहास सांगतो.

१९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे मुद्रित झाले. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटांचे गाणे. चावीच्या फोनोला वीज लागत नसे, म्हणून वीज नसलेल्या गावांतही तो वाजे. सुईवरचा भार शंभर ग्रॅमच्या वर; पण लाखेची तबकडी कठीण, आधी झिजे ती पोलादी सुई. ती दर बाजूला बदलली की भागे.

१९४८ साली अमेरिकेत व्हिनाइलची दीर्घ तबकडी आली. मिनिटाला ३३⅓ फेरे आणि बाजूला वीस-बावीस मिनिटे गाणे! पण ती मऊ. जड किंवा झिजक्या सुईने तिची रेघच खरवडते.

तेव्हा पेटी साधी चालेल, कर्णे जुने चालतील. सुई मात्र हिऱ्याची हवी आणि भार दोन-तीन ग्रॅमवर जुळवता यावा. लाखेच्या तबकडीची रेघ रुंद, तिला निराळी सुई लागते. यंत्र पुन्हा घेता येईल. खरवडलेला सूर कोणत्या दुकानात मिळणार?