मामाची लेक आणि कायदा

अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर, असे आम्ही वऱ्हाडकर मानतो. तिचा पुत्र प्रद्युम्न याने मामाचीच, रुक्मीची, कन्या वरली. पुढे रुक्मीने आपली नात अनिरुद्धास दिली; हा संबंध अधर्म्य हे जाणूनही, केवळ बहिणीच्या संतोषासाठी दिली, असे भागवतकार सांगतात. अमरावती-अकोल्याकडील अनेक कुणबी घरांत भाच्यास लेक देताना असा संकोच फारसा नसे. मावसभावंडे तेवढी वर्ज्य. १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने हा भेद पुसला. दोन्ही नाती निषिद्ध. रूढीची अनुमती असेल तरच अपवाद. वरवर ही उदारताच. परंतु वाद उद्भवला की रूढी प्राचीन व अखंड असल्याचे सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर पडतो; पतीचा वारसा मागणारी विधवा असेल, तर तिच्यावर. साक्षीस बोलवायचे ते आप्तच, आणि त्यांतले काही त्याच शेताचे हिस्सेदार.