सारद्ध काय आणि पस्सद्ध काय : वऱ्हाडातील ताणलेल्या देहाच्या निमित्ताने

काही वर्षांपूर्वी वर्षावासाच्या काळात अकोला जिल्ह्यातील एका विहारात आनापानसतीवर बोलण्याचा प्रसंग आम्हांस आला. प्रवचन संपल्यावर पन्नाशीतील एक उपासिका पुढे आल्या. कोरडवाहू कपाशीची शेती, डोक्यावर कर्ज आणि रात्र रात्र झोप नाही, अशी त्यांची स्थिती होती. मानेचा फोटो काढून झाला होता. त्यात काही निघाले नव्हते. दुखण्याच्या गोळ्या मात्र सुरूच होत्या. त्या म्हणाल्या, ‘सर, मन शांत करा म्हनता तुमी, पन मानच सैल होत नाई, त मन कसं होईन?’ त्या दिवशी आम्ही काहीतरी बोलून वेळ निभावून नेली. त्या प्रश्नाचा ऐतिहासिक अंगाने विचार करावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पालि वाङ्मयात ताणलेल्या देहासाठी स्वतंत्र शब्द आहे. तो शब्द म्हणजे ‘सारद्ध’. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात बोधिसत्त्वाच्या उग्र तपश्चर्येचे वर्णन येते. दातांवर दात दाबून, जीभ टाळूला लावून त्याने चित्ताला बळाने आवरण्याचा यत्न केला, तेव्हा काखांतून घाम वाहू लागला. तेथे तथागत सांगतात की वीर्य खचले नव्हते, स्मृती ढळली नव्हती. परंतु त्या कष्टाने देह मात्र सारद्ध, म्हणजे क्षुब्ध व ताठरलेला झाला होता आणि तो शांत होत नव्हता. ‘पस्सद्ध’ म्हणजे शांत झालेला, निवळलेला. ‘सारद्ध’ हा त्याच्या उलट आहे. चित्तावर केलेल्या जबरदस्तीची खूण देहावर उमटते, हे निरीक्षण येथे अगदी स्पष्ट शब्दांत नोंदलेले आहे.

याच निकायातील वितक्कसण्ठान सुत्त या दृष्टीने अधिक उपयुक्त आहे. नको असलेले विचार कसे शमवावेत, याचे पाच उपाय त्यात क्रमाने सांगितले आहेत. चौथ्या उपायात भरभर चालणाऱ्या माणसाची उपमा येते. त्याच्या मनात येते, मी एवढ्या घाईने का चालतो आहे? तो हळू चालू लागतो, मग उभा राहतो, मग बसतो, शेवटी आडवा होतो. एकेक स्थूल अवस्था सोडून तो सूक्ष्म अवस्थेकडे येतो. दातांवर दात दाबण्याचा उपाय पाचवा आहे. आधीचे चारही निष्फळ ठरले तरच त्याकडे वळायचे. आपल्याकडे मात्र दुःखात सापडलेल्या माणसाला पहिला सल्ला मिळतो तो दात-ओठ खाऊन सहन करण्याचाच. सुत्ताचा क्रम आपण उलटा केला आहे.

सोण कोळिविसाची कथा वाचकांना परिचित आहे. राजगृहाजवळ सीतवनात चंक्रमण करता करता त्याच्या पायांतून रक्त आले आणि निराश होऊन तो गृहस्थाश्रमात परतण्याचा विचार करू लागला. तेव्हा तथागतांनी त्याला त्याच्याच वीणेची आठवण दिली. तारा फार ताणल्या तरी वीणा वाजत नाही, फार सैल सोडल्या तरी वाजत नाही. थकलेल्या, खचलेल्या साधकाला येथे दोष दिलेला नाही. ताण बेताचा करण्यास सांगितले आहे.

येथे एक सावधगिरी बाळगणे अभ्यासक म्हणून आमचे कर्तव्य आहे. अभिधम्मात ‘कायपस्सद्धि’ हा शब्द येतो, तेव्हा ‘काय’ म्हणजे हाडामांसाचा देह नव्हे, तर वेदना, सञ्ञा व संखार यांचा समूह होय. आनापानसतीच्या चौथ्या पायरीवरील ‘कायसंखार’ याचाही अर्थ अट्ठकथेने श्वास-प्रश्वास असा केला आहे. तेव्हा आजचे स्नायू शिथिल करण्याचे तंत्र बुद्धानेच शिकविले होते, असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. परंतु देह, श्वास आणि चित्त यांचे धागे एकमेकांत गुंतले आहेत, हे त्या परंपरेने निश्चित ओळखले होते. पाचव्या शतकातील विसुद्धिमग्गात बुद्धघोषाने दिलेला दृष्टान्त पाहावा. डोक्यावरचे मोठे ओझे उतरवून उभ्या राहिलेल्या माणसाचा श्वास आधी धापांचा असतो. स्नान करून, पाणी पिऊन तो गार सावलीत पहुडला की श्वास इतका सूक्ष्म होतो की आहे की नाही ते शोधावे लागते. कापसाचे बोचके उतरवून लिंबाखाली टेकलेल्या माणसाला हा दृष्टान्त समजावून सांगावा लागत नाही.

आता आधुनिक काळाकडे वळू. एडमंड जेकबसन (1888–1983) या अमेरिकन वैद्याने 1908 मध्ये हार्वर्ड येथे या विषयाचे संशोधन आरंभिले. पुढे शिकागो येथे ते चालू ठेवून 1929 मध्ये क्रमिक शिथिलीकरणावरील आपला ग्रंथ त्याने प्रसिद्ध केला. त्याचे प्रतिपादन साधे होते. चिंताग्रस्त माणसाचे स्नायू त्याच्या नकळत आखडलेले असतात. त्याला ‘सैल हो’ असे सांगून उपयोग होत नाही, कारण आपण आखडलो आहोत हेच त्याला जाणवत नाही. म्हणून स्नायूंचा एकेक गट आधी किंचित ताणावा, तो ताण ओळखावा आणि मग सोडावा. 1958 मध्ये जोसेफ वोल्पे याने ही दीर्घ पद्धत आटोपशीर करून भीतीच्या विकारांवरील उपचारांत तिचा अवलंब केला. आपल्या महाराष्ट्रात 1924 साली स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली होती. 1969 मध्ये डॉ. के. के. दाते व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत उच्च रक्तदाबाच्या 47 रुग्णांवर शवासनाचा प्रयोग करून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

या इतिहासात वऱ्हाडचे स्थान कोठे, असा प्रश्न पडेल. अमरावती हे शरीर कमावण्याचे शहर आहे. 1914 मध्ये स्थापन झालेल्या तेथील हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. शरीर ताणावे कसे, हे वऱ्हाडने जगाला दाखविले. ते सोडावे कसे, ही विद्या मात्र आखाड्यात किंवा शाळेत कोणी शिकविली नाही.

आणि ताण येण्याची कारणे तर याच मातीत होती. 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. 1860 च्या दशकात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला मागणी आली, पाठोपाठ रेल्वे आली आणि वऱ्हाडचा शेतकरी दूरच्या बाजारभावाला बांधला गेला. ती दोरी अद्याप सुटलेली नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचे सत्र थांबेना, तेव्हा 2006 मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भाचा दौरा केला आणि अमरावती व अकोल्यासह सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. पैशाचा विचार झाला. मनाचा विचार त्यानंतर काही वर्षांनी सुरू झाला. ‘विश्राम’ या नावाने अमरावती जिल्ह्यातील 30 गावांत एक मानसिक आरोग्य कार्यक्रम राबविण्यात आला. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघरी जात, समुपदेशक बोलत आणि गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ तपासत. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण सुमारे 18 महिन्यांत 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर गेले आणि आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण 5.2 टक्क्यांवरून 2.5 टक्क्यांवर आले. दाराशी येऊन कोणी विचारले तर माणूस बोलतो, हा त्याचा इत्यर्थ आहे.

आमच्या समाजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. 13 नोव्हेंबर 1927 रोजी अमरावतीत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली. अंबादेवीच्या मंदिर प्रवेशाचा प्रश्न तेव्हा धगधगत होता. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान खाली घालून चालावे लागले, त्यांनी ताठ उभे राहणे हा तेव्हापासूनचा आमचा संस्कार आहे. म्हणून ‘सैल व्हा’ हे शब्द आमच्या कानांना शरणागतीसारखे वाटतात. ही शंका रास्त आहे. परंतु पस्सद्धि म्हणजे वाकणे नव्हे. ती बोज्झंगांपैकी एक असून बोज्झंगांच्या क्रमात विरियानंतर येते. आळस व सुस्ती यांना बुद्धाने ‘थीनमिद्ध’ म्हणून नीवरणांत वेगळे काढले आहे. तसेच, बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात दुःखाचा विचार माणसामाणसांतील संबंधांच्या संदर्भात मांडला, याचाही विसर पडता कामा नये. कर्ज हे खांदे सैल केल्याने फिटत नाही आणि अन्याय श्वासाने दूर होत नाही. मात्र कर्जाशी व अन्यायाशी झुंजणाऱ्या माणसाला रात्री झोप लागली पाहिजे, इतकीच आमची मागणी आहे.

मग त्या उपासिकेस सांगावयाचे काय? प्रथम हे, की तुमची मान खोटे बोलत नाही. फोटोत काही दिसले नाही म्हणून दुखणे काल्पनिक ठरत नाही. दीर्घ चिंतेत मान, खांदे व जबडा यांचे स्नायू आखडलेले राहतात आणि दुखतात. दुसरे हे, की मानेपासून आरंभ करण्यास हरकत नाही. निवांत बसून किंवा पडून उजवी मूठ पाच ते सात सेकंद आवळावी, मग एकदम सोडून अर्धा मिनिट हात कसा जड व ऊबदार होतो ते पाहावे. मग डावी मूठ. मग खांदे कानांकडे उचलून सोडावेत. मग कपाळ, जबडा, पोट, मांड्या आणि पावले. श्वास रोखू नये. जेथे दुखते तेथे ताण अगदी हलका द्यावा किंवा तो भाग वगळावा; मणक्याचा वा हृदयाचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. पंधरा-वीस मिनिटांचा हा क्रम रोज, निदान काही आठवडे करावा. एका दिवसात त्याची परीक्षा करू नये.

तिसरे सर्वांत महत्त्वाचे. 2008 मध्ये या विषयावरील प्रयोगांचा साकल्याने आढावा घेण्यात आला. शिथिलीकरणाने नैराश्याची लक्षणे काही न करण्यापेक्षा कमी होतात, परंतु मानसोपचाराइतकी कमी होत नाहीत, असे त्यात आढळले. म्हणून हे साधन पूरक आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी राहिली, कशातच मन लागेनासे झाले, जीव नकोसा वाटू लागला, तर जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले पाहिजे. चालू असलेले औषध आपल्या मनाने बंद करू नये. शासनाची 2022 पासूनची टेलिमानस सेवा 14416 या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे.

आणि विहारांना आमची एक विनंती आहे. वर्षावासात वंदना झाल्यावर पंधरा मिनिटे या क्रमासाठी ठेवावीत आणि त्यानंतर कोणी बोलू इच्छित असेल तर ऐकणारे एक माणूस तेथे बसवावे. संयुत्त निकायातील वृद्ध, व्याधिग्रस्त नकुलपिता तथागतांकडे आला, तेव्हा त्यांनी प्रथम त्याचे म्हणणे ऐकून घेतले. देह असाच जर्जर असतो, हे मान्य केले. आणि मगच देह आजारी असतानाही चित्त आजारी होऊ न देण्याविषयी सांगितले. आम्ही त्या दिवशी ऐकण्याआधीच सांगितले होते. यंदाच्या वर्षावासात त्या विहारात पुन्हा जाण्याचे आम्ही योजिले आहे.