आमच्या बॅचचा व्हिडिओ: यंत्रांची हकिकत

दहावीच्या निरोप समारंभात दाखवलेला आपल्या बॅचचा म्युझिक व्हिडिओ बहुतेकांना आठवत असेल. तो नक्की कोणी 'काढला' यावर ग्रुपवर अजून वाद होतात. त्यात मी पडत नाही. मी कॅसेट बदलणारा आणि वायरी गुंडाळणारा मुलगा होतो, त्यामुळे माझ्या लक्षात माणसांपेक्षा यंत्रंच जास्त राहिली.

काळ डिसेंबर २००४ ते फेब्रुवारी २००५. यूट्यूबवर पहिला व्हिडिओ चढला तो एप्रिल २००५ मध्ये, म्हणजे आपला त्याच्याही आधीचा!

कॅमेरा मस्कतहून सुट्टीवर आलेल्या एकाच्या मामांचा. मिनी-डीव्ही हँडीकॅम. तोवर गावात शूटिंग म्हणजे लग्नातला खांद्यावरचा व्हीएचएस कॅमेरा आणि डोळे दिपवणारा हॅलोजन. व्हीएचएसच्या कॅसेटवरून दुसरी कॅसेट केली की चित्र फिकं पडायचं, तिसरी तर बघवत नसे. १९९५ साली आलेल्या डीव्हीत चित्र आकड्यांच्या रूपात साठायचं, त्यामुळे कितीही प्रती काढा, फरक नाही. काडेपेटीहून थोडी मोठी कॅसेट, तिच्यात एक तासाचं चित्रण. आमच्याकडे अशा दोन होत्या.

शब्द वर्गातल्या मुलींचे, चाल संगीताच्या सरांची. गाणं संगीताच्या खोलीत एका माइकवर टेपमध्ये घेतलं, पेटीवर सर स्वतः. कॅमेऱ्यासमोर यायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. ते त्याच मार्चमध्ये निवृत्त होणार होते.

मैदानावर शूटिंगच्या वेळी लोडशेडिंग असायचं, म्हणून गाणं सेलवरच्या टेपरेकॉर्डरवर वाजवायचो आणि मुलं त्यावर ओठ हलवायची. चालता शॉट घ्यायचा तर कॅमेरावाला सायकलच्या कॅरियरवर उलटा बसायचा आणि दोघं सायकल ढकलायचे. उजेडासाठी थर्माकोलचे तक्ते. सगळं झकास झालं असं आम्हाला वाटलं.

घोळ कळला तो कॉम्प्युटरवर. आधी यूएसबी वायरीने प्रयत्न केला, तर तिकिटाएवढं चित्र आलं. मग एकाच्या दादाने पीसीत फायरवायरचं कार्ड बसवलं. तासाभराच्या कॅसेटला जवळपास १३ जीबी जागा लागायची आणि हार्ड डिस्क होती ४० जीबीची. शिवाय तासाची कॅसेट उतरवायला तासच लागे. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून.

तर घोळ असा, की टेपरेकॉर्डरचे सेल उतरत गेले होते आणि गाणं मैदानावर किंचित संथ वाजलं होतं. नुसत्या कानाला ते कळलं नाही. पण २ टक्के जरी संथ म्हटलं तरी ४ मिनिटांच्या गाण्यात जवळपास ५ सेकंदांचा फरक पडतो. मूळ गाणं चित्राखाली लावल्यावर शेवटच्या कडव्यात गाणं संपलं तरी मुलांचे ओठ हलतच होते! पुन्हा शूटिंग शक्य नव्हतं, मामा परत निघाले होते. तेव्हा दादाने प्रत्येक शॉट ४-५ सेकंदांचा कापला आणि दर वेळी ओळीच्या सुरुवातीशी नव्याने जुळवला. तेवढ्याशा तुकड्यात चूक एक दशांश सेकंदाची, म्हणजे दोन-अडीच फ्रेमची. डोळ्याला दिसत नाही. 'एकदम एमटीव्हीसारखं फास्ट कटिंग' म्हणून ज्याचं कौतुक झालं, ती खरं तर आमची ठिगळं होती.

इतके तुकडे केल्यावर शॉट कमी पडायला लागले. म्हणून चाचणी म्हणून घेतलेलं काहीबाही चित्रणही वापरलं. त्यातच सर आले. खिडकीतून दिसणारे, मान खाली घालून पेटी वाजवणारे, जेमतेम ३ सेकंद. सेल उतरले नसते तर तो शॉट व्हिडिओत आलाच नसता.

पुढे जागा हवी म्हणून हार्ड डिस्कवरून सगळं पुसलं. दोन्ही कॅसेटी मस्कतला गेल्या आणि त्यांवर कोणाचं तरी बारसं चढलं. दोष कोणाचाच नाही. कॅसेट परत वापरायचीच वस्तू होती. मागे राहिल्या नीरोवर काढलेल्या १२ व्हीसीडी. व्हीसीडीचं चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचं, मूळ डीव्हीच्या साधारण पाव. सरांचा चेहरा त्यात ओळखीच्या माणसालाच ओळखू येईल इतपत.

सर आता नाहीत. माझी व्हीसीडी २ मिनिटं ४० सेकंदांवर अडकते आणि तो शॉट तिसऱ्या मिनिटाच्या पुढे आहे.

उरलेल्या ११ पैकी एखादी कोणाच्या माळ्यावर असेल. सापडली तर वरचा कागदी स्टिकर ओढू नका, चित्र त्याच बाजूला पातळ थरात असतं. मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. खराब वाटली तरी टाकू नका, तशीच माझ्याकडे पाठवा. मी अजून चालणारे दोन जुने ड्राइव्ह जपून ठेवले आहेत.